वाचकांचे प्रश्न : ईटनची भिंत, हॅरोचा चिखल आणि आपली चाळ

गेल्या अंकात ब्रिटनच्या मोठ्या बोर्डिंग शाळांच्या जुन्या खेळांवर जेमतेम चार ओळींची चौकट छापली होती. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत.

सर, माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या क्विझच्या पुस्तकात आलंय की ईटन शाळेत भिंतीला चिकटून फुटबॉल खेळतात आणि १९०९ नंतर त्यात गोलच झालेला नाही. तो म्हणतो, आई, मग ते खेळतात तरी कशाला? काय सांगू त्याला? – एक आई, गिरगाव

ताई, पुस्तकात आहे ते खरंय, एक छोटी दुरुस्ती मात्र करून घ्या. १९०९ नंतर गोल नाही हे सेंट अँड्र्यूज डेच्या मोठ्या मॅचबद्दल, जी वर्षातून एकदाच, नोव्हेंबरअखेरीस होते. एरवीच्या छोट्या मॅचमध्ये कधीमधी होतो गोल.

आता खेळ कसा ते सांगतो, मुलाला चित्र काढून दाखवा. १७१७ साली बांधलेली विटांची एक लांब भिंत आहे. तिला लागून साधारण ११० मीटर लांब आणि फक्त पाच मीटर रुंद असा मातीचा पट्टा, तेच ग्राउंड. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. बॉल भिंतीच्या पायथ्याशी, आणि त्याच्यावर दोन्ही टीमची पोरं एकमेकांना रेटत असतात, त्या गठ्ठ्याला 'बुली' म्हणतात. आपल्या दादरला विरार लोकलच्या दारात संध्याकाळी जे होतं ना, अगदी तसं, फक्त इथं पायाखाली कुठेतरी एक बॉल आहे आणि एका बाजूला डब्याच्या जागी विटांची भिंत. हाताने बॉल उचलायचा नाही, मागे पास द्यायचा नाही, आणि तळपाय आणि हात सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकवायचा नाही, म्हणजे गुडघा टेकला की चूक. त्यामुळे पोरगा अर्धवट ओणवा, एक खांदा आणि कान विटांना घासतोय, वर पाच-सहा जणांचं वजन, आणि बॉल दहा मिनिटांत वीतभर सरकलाय असं चालू असतं. हाफ अर्ध्या तासाचा, असे दोन.

भिंतीच्या दोन्ही टोकांना 'कॅल्क्स' नावाचा भाग आहे, तिथवर बॉल नेला आणि पायाने भिंतीवर उचलून धरला, जोडीदाराने त्याला हात लावला, की 'शाय' मिळतो, त्याचा एक पॉइंट. शाय मिळाला की मग गोलवर बॉल फेकायचा चान्स. आणि गोल काय, तर एका टोकाला बागेचं दार आणि दुसऱ्या टोकाला एक झाड! गोलचे नऊ पॉइंट. एवढ्या गर्दीतून कोणी तो मारत नाही, म्हणून मॅच बहुतेक वेळा शून्य-शून्य सुटते नाहीतर एखाद्या शायवर निकाल लागतो.

मग खेळतात कशाला? कारण ती मॅच 'कॉलेजर्स' विरुद्ध 'ऑपिडन्स' असते. कॉलेजर्स म्हणजे स्कॉलरशिपवर आलेली सत्तर मुलं, राजा सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये शाळा काढली तेव्हापासून तो सत्तरचा आकडा चालत आलाय. ऑपिडन्स म्हणजे बाकीचे सगळे फी भरणारे, हजाराच्या वर. सत्तर मुलांतून दहा निवडायचे आणि हजारातून निवडलेल्या दहांना भिंतीवर अडवून धरायचं. मॅचच्या आधी ऑपिडन्स टोप्या भिंतीपलीकडे भिरकावतात आणि मग स्वतः भिंतीवरून उड्या मारून येतात, समोरून कॉलेजर्स हातात हात अडकवून मैदानभर चालत येतात. त्या सत्तरांसाठी शून्य-शून्य हीसुद्धा कमाई आहे ताई, मुलाला एवढं सांगितलं तरी त्याला कळेल.

आणि एक सांगू का, तुम्ही गिरगावच्या म्हणून. मी पण तिथल्याच एका चाळीत वाढलो. आमचं पिच म्हणजे दोन इमारतींमधला बोळ. लेग साइडला लगेच भिंत, म्हणून नियमच होता, लेगला रन नाही. गॅलरीत डायरेक्ट गेला तर आऊट, पत्र्यावर टप्पा पडून आला तर एका हाताने कॅच. ड्रेनेजच्या पाइपला लागून बॉल वळला तर तो फिल्डरचा लक. विकेट म्हणजे पाण्याच्या टाकीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा, आणि रेघेला लागला का नाही हे बॉलवरचा काळा डाग बघून ठरायचं. हे नियम कोणी बसवले? कोणीच नाही, बोळाने बसवले. ईटनच्या भिंतीचं वेगळं काहीच नाही. तिथे भिंत होती म्हणून भिंतीचा खेळ झाला.

काका, एक बेसिक डाउट. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा ना? मग ती श्रीमंतांची कशी? आणि फुटबॉल एकच असताना प्रत्येक शाळेने आपापला वेगळा का काढला? – बीएच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, वसई

मित्रा, पहिलं आधी. इंग्लंडमध्ये पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी नव्हे, भरपूर फी घेणारी खासगी शाळा. सुरुवातीला यातल्या बऱ्याच शाळा हुशार गरीब मुलांसाठी दान म्हणून काढल्या होत्या, विंचेस्टर १३८२ ची, रग्बी १५६७ ची, हॅरो १५७२ ची. घरी मास्तर ठेवून शिकण्याऐवजी कुठलाही मुलगा येऊ शकेल अशी, म्हणून 'पब्लिक'. पुढे फी भरणारे वाढत गेले आणि गरीब मुलगा बाजूला पडला, नाव तेवढं तेच राहिलं. १८६१ मध्ये सरकारने चौकशीसाठी जे क्लॅरेंडन कमिशन नेमलं त्यात नऊ शाळा होत्या : ईटन, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाऊस, सेंट पॉल्स, मर्चंट टेलर्स, हॅरो, रग्बी आणि श्रूजबरी.

आता दुसरं. तुझ्या प्रश्नातच गडबड आहे, 'फुटबॉल एकच असताना' असं नव्हतंच. फुटबॉल एक झाला तो १८६३ नंतर. त्याआधी गावागावात पोरं बॉल लाथाडायची आणि शाळेत आली की तिथल्या जागेप्रमाणे खेळायची. लंडनमधल्या चार्टरहाऊस आणि वेस्टमिन्स्टरच्या मुलांना दगडी फरशीचे व्हरांडे, तिथे कोणाला पाडलं तर डोकं फुटेल, म्हणून बॉल पायाशी ठेवून चकवत न्यायचा, ड्रिबलिंग. रग्बीला मोठं हिरवं मैदान, तिथे पळा, धरा, पाडा. हॅरोची मैदानं टेकडीखालच्या चिकणमातीत, थंडीत नुसता राडा, म्हणून त्यांचा बॉल गोल नाहीच, दोन्हीकडून दाबलेल्या भोपळ्यासारखा जाडजूड, चिखलातून ढकलता येईल असा. वरून आलेला बॉल झेलला की 'यार्ड्स!' म्हणून ओरडायचं आणि फ्री किक घ्यायची, गोलला ते 'बेस' म्हणतात. विंचेस्टरचा पट्टा लांब आणि अरुंद, दोन्ही बाजूंना आता जाळी असते, आणि त्यांच्या स्क्रमला, म्हणजे बॉलवर रेटारेटी करणाऱ्या गठ्ठ्याला, नाव आहे 'हॉट'.

त्या जाळीची गोष्ट मला विसरता येत नाही. जाळी यायच्या आधी तिथे ज्युनियर पोरं उभी करायचे. म्हणजे मोठी मुलं खेळणार आणि बारकी पोरं थंडीत पट्ट्याच्या कडेला रांग करून भिंतीसारखी उभी राहून बाहेर आलेला बॉल आत ढकलणार, तासनतास. रग्बीलाही लहान मुलांना घोळक्याने गोलमध्ये उभं करायचे. आज आपण हे खेळ बघून छान परंपरा वगैरे म्हणतो, पण त्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने खेळ म्हणून काय बघितलं असेल याचाही विचार करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि मास्तर कुठे होते? कुठेच नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला वर्गाबाहेर मुलांचंच राज्य. १७९७ मध्ये रग्बीच्या मुलांनी बंड केलं, मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार दारूगोळ्याने उडवलं, बाकं-पुस्तकं जाळली, शेवटी सैनिक आले. १८१८ मध्ये विंचेस्टरलाही सैन्य बोलवावं लागलं, संगिनी लावून. अशा मुलांचे खेळ मुलांनीच बनवलेले असणार ना. मास्तर लोक मैदानावर आले ते नंतर, आणि ते कशाला आले तर पोरं मैदानावर दमली तर बाहेर जाऊन दंगा, शिकार, मारामारी करणार नाहीत म्हणून. मार्लबरो शाळेत १८५१ मध्ये असंच बंड झालं, पुढच्या वर्षी जॉर्ज कॉटन तिथे मुख्याध्यापक झाले, ते आधी रग्बीला मास्तर होते. त्यांनी ठरवून, पालकांना कळवून, खेळ शाळेच्या कार्यक्रमात आणले. हेच कॉटन पुढे कलकत्त्याचे बिशप झाले, शिमल्याची बिशप कॉटन शाळा १८५९ ची, त्यांच्याच नावाची.

नियम एक कसे झाले ते थोडक्यात. ही सगळी मुलं केंब्रिजला गेली की भांडणं, ईटनवाला म्हणतो हात लावला, रग्बीवाला म्हणतो लावणारच. म्हणून १८४८ मध्ये तिथे बसून एक सामायिक नियमावली केली. मग ऑक्टोबर १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. वाद पेटला तो समोरच्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारण्यावर, त्याला 'हॅकिंग' म्हणायचे. ब्लॅकहीथ क्लबवाले म्हणाले हॅकिंग काढलं तर खेळात दम काय राहिला, आणि उठून गेले. १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन झाली, तेव्हा मात्र त्यांनीही हॅकिंग काढूनच टाकलं.

आणि शाळावाल्यांचा दबदबा कधी संपला ते पण लक्षात ठेव, कॉलेजच्या असाइनमेंटला उपयोगी पडेल. एफए कपची, म्हणजे त्याच फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेची, कल्पना चार्ल्स अल्कॉकची, तो हॅरोचा. पहिली अकरा वर्षं कप अशाच शाळा-युनिव्हर्सिटीवाल्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या टीमनी नेला. १८८३ च्या फायनलला गिरणी-कारखान्यातल्या कामगारांच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड ईटोनियन्सना हरवलं, २-१. त्यानंतर शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची एकही टीम तो कप जिंकलेली नाही. आमच्या लालबाग-परळच्या गिरणगावातल्या जुन्या माणसांना ही गोष्ट सांगितली की ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतात.

रग्बी शाळेत एका मुलाने फुटबॉल खेळताना बॉल हातात घेतला आणि पळत सुटला, त्यावरून रग्बी हा खेळ जन्माला आला, हे खरं आहे का? – बँक कर्मचारी, मुलुंड

गोष्ट छान आहे पण पुरावा नाही. विल्यम वेब एलिस, साल १८२३. ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती १८७६ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, मॅथ्यू ब्लॉक्सम नावाच्या माजी विद्यार्थ्याने लिहिली आणि त्याने स्वतः ते बघितलं नव्हतं. एलिस तोवर वारलेला, १८७२ मध्ये, फ्रान्समध्ये, तो पाद्री होता. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी समिती नेमली, तिला डोळ्यांनी बघणारा एकही साक्षीदार मिळाला नाही. तरी शाळेत त्याच्या नावाचा दगड आहे आणि १९८७ पासून रग्बीच्या वर्ल्ड कपला त्याचंच नाव आहे.

माझ्या मते खरी तारीख १८२३ नाहीच, १८४५ आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रग्बीच्या तीन मुलांनी बसून ३७ नियम कागदावर उतरवले. मास्तरांनी नाही, विद्यार्थ्यांनी! त्यातला एक विल्यम डेलाफील्ड अर्नॉल्ड, तिथले नावाजलेले मुख्याध्यापक थॉमस अर्नॉल्ड यांचा मुलगा, तो पुढे आपल्याकडे पंजाबात शिक्षण खात्याचा डायरेक्टर होता. बॉल घेऊन पळणारी पोरं प्रत्येक शाळेत असतील, लिहून ठेवणारी तीन एकाच शाळेत निघाली म्हणून खेळाला त्या शाळेचं नाव लागलं.

तुम्ही बँकेतले आहात म्हणून हे पण सांगतो. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला तेव्हा खात्यात शिल्लक होती ती त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली आणि ते रुपये वितळवून एक कप बनवला, नागाच्या आकाराचे कान आणि झाकणावर हत्ती. तो कलकत्ता कप. १८७९ पासून आजतागायत इंग्लंड-स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात.

माझी मुलगी स्क्वॉश शिकते. तिचे कोच म्हणाले की हा खेळ शाळेतल्या पोरांनी फुटक्या बॉलवरून शोधला. कुठली शाळा? – एक बाबा, ठाणे

हॅरो. पण सुरुवात शाळेत नाही, तुरुंगात आहे. लंडनला फ्लीट आणि किंग्ज बेंच नावाचे कर्जबुडव्यांचे तुरुंग होते, कर्ज फिटेपर्यंत माणूस आत. त्यात बऱ्या घरचे लोकही असायचे, दिवसभर काय करणार, तर अंगणातल्या उंच भिंतीवर रॅकेटने बॉल मारत बसायचे. तोच खेळ 'रॅकेट्स'. १८२० मध्ये रॉबर्ट मॅके नावाच्या माणसाने स्वतःला त्याचा चॅम्पियन म्हणवलं. तुरुंगातून तो खेळ दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या अंगणात आणि तिथून हॅरोला पोचला. पुढे तो महागड्या कोर्टांमुळे श्रीमंतांचा खेळ झाला, सुरुवात मात्र देणेकऱ्यांची.

रॅकेट्सचा बॉल टणक आणि प्रचंड वेगाचा, कोर्ट मोठं, नंबर लागायला वेळ. मग वाट बघणारी पोरं आपापल्या हाऊसच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, छोट्या अंगणात पोकळ रबरी बॉलने खेळायला लागली, तो भिंतीवर आपटला की दबायचा, म्हणून 'स्क्वॉश'. तिथे अंगणात पाइप, कठडे, धुराड्यांचे कोपरे, बॉल कुठे लागून कुठे जाईल सांगता येत नाही. १८६४ मध्ये शाळेत खास स्क्वॉशची कोर्टं बांधली.

याहून मला 'फाइव्ह्ज' जास्त आवडतो. ग्लोव्ह घालून हातानेच बॉल भिंतीवर मारायचा. ईटनच्या चॅपलच्या बाहेर, जिन्याशेजारी, दोन आधारभिंतींच्या मधे एक खाचा होता. प्रार्थनेची वेळ व्हायची वाट बघत उभी असलेली पोरं तिथे बॉल मारायची. खाच्यात डावीकडे जिन्याच्या कठड्याचं टोक पुढे आलेलं, मधे एक पायरी, भिंतीला आडवी कंगोऱ्याची पट्टी. खेळ रंगला, जागा पुरेना, म्हणून १८४० मध्ये मुख्याध्यापक हॉट्रींनी वेगळी कोर्टं बांधून दिली, आणि बांधताना काय केलं असेल? सपाट स्वच्छ भिंती नाही बांधल्या. तो खाचा जसाच्या तसा, पायरीसकट, कंगोऱ्यासकट, कठड्याच्या त्या टोकासकट कॉपी केला. ते पुढे आलेलं टोक आजही प्रत्येक कोर्टात असतं, नाव 'पेपरबॉक्स', त्याला लागून बॉल असा मरतो की परत उचलताच येत नाही. जगात जिथे जिथे ईटन फाइव्ह्ज खेळतात, अगदी मलेशियात क्वाला कांगसारच्या मलय कॉलेजात किंवा उत्तर नायजेरियात, तिथे त्या एका चॅपलच्या जिन्याची नक्कल उभी आहे. मुलीला हे सांगा आणि पुढच्या वेळी प्रॅक्टिसला जाताना तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एकदा बॉल मारून बघा म्हणावं.

सर, मी आठवीत आहे आणि खो-खो खेळते. तुम्ही सगळं मुलांचंच लिहिता. मुलींच्या शाळा नव्हत्या का? – डोंबिवली

होत्या बाळा, आणि तुझी तक्रार रास्त आहे. मुलींच्या बोर्डिंग शाळा उशिरा सुरू झाल्या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. स्कॉटलंडमध्ये सेंट लिओनार्ड्स नावाची शाळा आहे, तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांचा लॅक्रॉस बघितला, काठीला जाळी लावून बॉल झेलायचा-फेकायचा खेळ, तो त्यांना एवढा आवडला की १८९० मध्ये त्या शाळेत मुलींनी तो खेळायला सुरुवात केली. बायकांच्या लॅक्रॉसची सुरुवात तिथली. तेव्हा डॉक्टर मंडळी सांगायची की मुलींनी धावू नये, तब्येत बिघडते, आणि या मुली लांब स्कर्ट घालून मैदानभर धावायच्या. मुलांच्या शाळांनी आपले खेळ जुन्या जागेवरून उचलले, मुलींना जुनी जागाच नव्हती, म्हणून त्यांनी लांबून आणून स्वतःचे बसवले. ईटन अजून फक्त मुलांचीच आहे, विंचेस्टरने २०२२ पासून वरच्या वर्गांत मुली घेतल्या.

तुझ्या खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये लेखी बसवले. खेळ त्याच्या कितीतरी आधीचा.

"वॉटर्लूची लढाई ईटनच्या मैदानावर जिंकली" असं वेलिंग्टन म्हणाला होता, हे व्हॉट्सअॅपवर आलं. खरं? – परळ

नाही. वेलिंग्टन म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रजांचा सेनापती. तो वारला १८५२ मध्ये, हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं गेलं त्यानंतर. तो शाळेत होता १७८० च्या दशकात, तेव्हा ईटनला शिस्तशीर सामने वगैरे नव्हतेच. फॉरवर्ड करू नका.

आमच्या वेळी हॅरिस शील्ड म्हणजे जीव की प्राण. हा हॅरिस ईटनचा होता म्हणतात. मग मुंबईचं क्रिकेट त्या शाळेतून आलं असं म्हणायचं का? – एक आजोबा, शिवाजी पार्क

आजोबा, नमस्कार. लॉर्ड हॅरिस ईटनचेच, इंग्लंडचे कॅप्टन होते, १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर. शाळांच्या शील्डला त्यांचं नाव आहे आणि त्याच शील्डमध्ये १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने ६६४ ची पार्टनरशिप केली, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

पण मुंबईचं क्रिकेट त्यांच्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही. पारश्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा, हॅरिस जन्मले १८५१ मध्ये. आपल्या लोकांनी मैदानाच्या कडेला उभं राहून बघून बघून उचललं, गोऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर. आणि बॉम्बे जिमखान्याचे साहेब लोक त्याच एस्प्लनेडच्या मैदानावर पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी पिच उखडायचं, आणि आपली पोरं त्या खड्ड्यांत क्रिकेट खेळायची. १८८० च्या दशकात आपल्या खेळाडूंनी त्यावर सरकारकडे अर्जावर अर्ज केले. बॉल उसळून तोंडावर येतो, दुसरी मोकळी जागा आम्हाला नाही, एवढंच म्हणणं. त्या भांडणात हॅरिस पोलोवाल्यांच्या बाजूचे होते. नंतर समुद्राच्या बाजूला जिमखान्यांना जागा मिळाल्या, त्या पारशी, हिंदू, इस्लाम जिमखान्यांवर आपण पुढे मॅचेस बघितल्या.

त्या शाळांतून खेळासोबत एक गोष्ट नक्की आली, कोण आत आणि कोण बाहेर ही रेघ. पळवणकर बाळू, त्या काळातले आपले नामांकित बॉलर, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पिच रोलर फिरवायचे आणि साहेबांना प्रॅक्टिससाठी तासनतास बॉलिंग टाकायचे, बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही. विंचेस्टरच्या पट्ट्याकडेला उभी केलेली ती ज्युनियर पोरं आठवा. फरक एवढाच की ती पोरं चार वर्षांनी सीनियर व्हायची. बाळूंना हिंदूंच्या टीममध्ये सगळ्यात भारी बॉलर असूनही जातीमुळे कॅप्टनशिप मिळाली नाही, त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना, मिळाली ती १९२३ मध्ये. त्यामुळे आजोबा, शील्ड हॅरिसच्या नावाचं असू दे, पण मुंबईचं क्रिकेट मैदानावरच्या आपल्या माणसांचं.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, दिवाळीनंतर पाडणार. चौकात आम्ही तिसरी पिढी बॉक्स क्रिकेट खेळतो, आमचे पंधरा-वीस नियम आहेत जे बाहेर कोणाला कळत नाहीत. टॉवरमध्ये पोडियमवर नेट बांधून देणार म्हणतात. गेल्या अंकातली तुमची चौकट वाचून वाटलं, हे कुठेतरी राहायला पाहिजे. काही करता येईल का? – एक तरुण, लालबाग

मित्रा, तुझ्यासाठीच फाइव्ह्जची गोष्ट वर एवढी लांबवली. चॅपलच्या खाच्याची नक्कल करता आली कारण कोणीतरी आधी टेप लावून तो मोजला असणार.

दिवाळीला वेळ आहे, या रविवारी चार जण मिळून मोजा. चौकाची लांबी, रुंदी, विकेटपासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंतचं अंतर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीची उंची, पाइप भिंतीपासून किती पुढे आलाय, उतार कुठल्या बाजूला आहे आणि पावसाचं पाणी कुठे साठतं, कारण तिथे बॉल मरत असणार. फोटो काढा, पण सकाळी, ऊन तिरकं असताना, म्हणजे कोपरे दिसतात. मग नियम. सगळ्यात मोठ्या काकांना आणि सगळ्यात लहान पोराला एकत्र बसवा, दोघांचे नियम जुळणार नाहीत, भांडण होईल, ते भांडणसुद्धा लिहून घ्या, कुठल्या साली कुठला नियम बदलला ते त्यातूनच कळेल. वहीत लिहा, तीन कॉप्या करा.

आणि बिल्डरच्या आर्किटेक्टला भेटा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा की पोडियमवर सपाट नेट नको, एका कोपऱ्यात आमच्या चौकाच्या मापाची जागा द्या, जिन्याच्या कठड्यासकट. ऐकतील का नाही मी सांगू शकत नाही, पण माप हातात असेल तर निदान मागता तरी येईल. माझ्या बोळाचं माप कोणाकडेच नाही. आता तिथे पार्किंग आहे आणि लेगची भिंत नक्की किती जवळ होती यावर आम्ही मित्र अजून वाद घालतो.

वही तयार झाली की एक कॉपी इकडे पाठव, मापांच्या चित्रासकट. जेवढी पानं लागतील तेवढी पुढच्या अंकात देतो.